क्रेडिट कार्डावरचे वार्षिक प्रवासलाभ मुदतीच्या आत कसे वापरावेत

दोन वर्षांपूर्वी २९ डिसेंबरला मी एका विमान कंपनीकडे सामानाचे आगाऊ शुल्क क्रेडिट कार्डाने भरले. विमानप्रवासातील अशा किरकोळ शुल्कांचा परतावा म्हणून त्या कार्डावर दरवर्षी एक ठरावीक रक्कम मिळत असे आणि तिची मुदत ३१ डिसेंबरला संपत असल्याने अजून दोन दिवस हातात आहेत, अशी माझी समजूत होती. पैसे गेल्याचा संदेश त्याच मिनिटाला आला, परंतु स्टेटमेंटमध्ये तो व्यवहार २ जानेवारीला नोंदला गेला. त्या कार्डाच्या नियमांत नोंदीची तारीख ग्राह्य होती. त्यामुळे जुन्या वर्षाची रक्कम हातची गेली आणि नव्या वर्षाची रक्कम वर्ष उजाडताच खर्ची पडली.

शेवटची तारीख पाठ असूनही लाभ बुडू शकतो, हे त्या दिवशी कळले. ती तारीख नेमकी कशाची आहे, म्हणजे पैसे भरण्याची, व्यवहार नोंदला जाण्याची, बुकिंग करण्याची की प्रत्यक्ष प्रवास संपवण्याची, हे आधी तपासावे लागते. ज्या कार्डासाठी आपण घसघशीत वार्षिक शुल्क मोजतो, त्यावरचे लाभ ही आपण आधीच विकत घेतलेली वस्तू असते. म्हणून तिच्याकडे बक्षीस म्हणून न पाहता, आपले हक्काचे येणे म्हणून पाहावे आणि ते वसूल करण्याची तजवीज वर्ष संपण्याच्या बरीच आधी करावी.

वर्ष कोणते धरले जाते

‘वर्षातून एकदा’ या शब्दांमागे निरनिराळी वर्षे दडलेली असतात. काही लाभ १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कॅलेंडर वर्षावर चालतात. काही लाभ कार्ड ज्या महिन्यात घेतले त्या महिन्यापासून मोजल्या जाणाऱ्या सदस्यत्व-वर्षावर चालतात. काही ठिकाणी सदस्यत्व-वर्षसुद्धा तारखेने न मोजता बारा बिलांच्या चक्रांनी मोजतात, आणि मग बिलाची तारीख महिन्याच्या १२ तारखेला येत असेल, तर १३ तारखेचा खर्च पुढच्या वर्षात जातो. अमेरिकेतील कार्डांचे उदाहरण घ्यायचे तर अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डावरचा विमान-शुल्काचा परतावा कॅलेंडर वर्षावर चालतो, तर चेसच्या सफायर रिझर्व्ह कार्डावरचे प्रवास-क्रेडिट आता सदस्यत्व-वर्षावर चालते. दोन्ही कार्डे एकाच पाकिटात असतील आणि दोहोंची मुदत ‘वर्षअखेर’ एवढीच लक्षात ठेवली असेल, तर त्यांतील एकाबाबत फसगत ठरलेलीच आहे.

कॅलेंडर वर्षावर चालणाऱ्या लाभांत एक सोय असते आणि नव्या कार्डधारकांनी ती अवश्य ध्यानात घ्यावी. कार्ड जुलैत घेतले, तर डिसेंबरपर्यंत एकदा आणि जानेवारी ते जून या काळात पुन्हा एकदा, असा लाभ दोनदा पदरात पडतो आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क त्यानंतर भरावे लागते. याच्या उलट, वार्षिक म्हणून जाहिरात केलेली रक्कम प्रत्यक्षात सहामाही, तिमाही किंवा मासिक हप्त्यांत विभागलेली असेल, तर जूनअखेर न वापरलेला हप्ता जुलैत सहसा पुढे ओढला जात नाही. अशा कार्डावर वर्षाची एक शेवटची तारीख नसून दोन, चार किंवा बारा शेवटच्या तारखा असतात, आणि या विभागलेल्या लाभांतच सर्वांत जास्त गळती होते.

तारीख कशाची आहे

परताव्याच्या स्वरूपातील लाभांत व्यवहाराची तारीख आणि नोंदीची तारीख यांत फरक पडतो. कार्ड वापरताच बँक फक्त रक्कम राखून ठेवते. व्यापाऱ्याने तो व्यवहार अंतिम करून पाठवला की मग त्याची खात्यावर नोंद होते, आणि मध्ये शनिवार-रविवार किंवा सुट्ट्या आल्या की हे अंतर वाढते. म्हणून नियमांत व्यवहाराची तारीख ग्राह्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर शेवटच्या दहा दिवसांत काहीही करायचे बाकी ठेवू नये.

हॉटेलांच्या बाबतीत तर याहून मोठा घोळ होतो. ‘पैसे हॉटेलात भरा’ या प्रकारचे बुकिंग केले, की कार्डाचा क्रमांक घेतला जातो, परंतु पैसे मुक्कामाच्या वेळी घेतले जातात. डिसेंबरात केलेले असे बुकिंग फेब्रुवारीच्या मुक्कामाचे असेल, तर डिसेंबरातील लाभाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. हॉटेल किंवा भाड्याची गाडी देणारी कंपनी अनामत म्हणून जी रक्कम अडवून ठेवते तीही खर्च म्हणून धरली जात नाही. मुदत जवळ आली असेल, तर आगाऊ पैसे घेणाराच दर निवडावा लागतो.

हॉटेल साखळ्यांच्या कार्डांवर वर्षाला मिळणाऱ्या मोफत रात्रीच्या प्रमाणपत्रांवर सहसा मुक्कामाची तारीख लागू होते. १५ मार्चला संपणाऱ्या प्रमाणपत्रावर १० मार्चला ऑनलाइन शोधताना २० मार्चची खोली मोफत रात्रीच्या पर्यायात दिसतच नाही, आणि मग ग्राहक यंत्रणेत बिघाड आहे असे समजून कस्टमर केअरला फोन लावतो. बिघाड नसतो, मुक्कामच मुदतीच्या आत पूर्ण व्हायला हवा असतो. विमान कंपन्यांच्या सहप्रवासी तिकिटांच्या व्हाउचरवर मात्र काही ठिकाणी तिकीट काढण्याची, काही ठिकाणी प्रवास सुरू करण्याची, तर काही ठिकाणी परतीचा प्रवासही पूर्ण करण्याची तारीख असते. ही तीन वाक्ये दिसायला सारखी असली, तरी त्यांच्यातील अंतर कित्येक महिन्यांचे असू शकते. त्यातही शेवटच्या दिवशीची मध्यरात्र कोणत्या देशाच्या घड्याळाने धरली आहे, हे पाहणे परदेशात राहणाऱ्यांसाठी गरजेचे ठरते.

एका संध्याकाळचे काम

हे सारे डोक्यात ठेवणे अशक्य आहे, म्हणून ते कागदावर उतरवावे. एक संध्याकाळ मोकळी काढून घरातील प्रत्येक कार्डाची नियमावली उघडावी. जाहिरातीचे पान पुरेसे नाही. खाली बारीक अक्षरांत दिलेल्या अटी वाचाव्या लागतात. मी एक साधा तक्ता करते. त्यात कार्डाचे नाव, लाभ, त्याचे वर्ष कधी सुरू होते, कोणती तारीख ग्राह्य आहे, आधी नोंदणी करावी लागते का, कोणत्या मार्गाने खर्च करायचा, आतापर्यंत किती वापरले आणि किती उरले, एवढेच रकाने असतात. ‘आतापर्यंत किती वापरले’ हा रकाना भरताना आठवणीवर विसंबू नये. मागची बारा स्टेटमेंट काढून त्यांतील वजा चिन्हाच्या नोंदी शोधाव्यात. बिल भरल्याच्या आणि वस्तू परत केल्याच्या नोंदी वगळल्या, की उरतात त्या बँकेने दिलेल्या परताव्याच्या नोंदी.

नोंदणीचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. कित्येक लाभ कार्ड हातात येताच सुरू होत नाहीत. कुठे खात्यात जाऊन एक बटण दाबावे लागते, कुठे एकाच विमान कंपनीची आधी निवड करावी लागते, कुठे हॉटेल किंवा लाउंज कार्यक्रमाचे वेगळे सदस्यत्व घ्यावे लागते. नोंदणीपूर्वी केलेल्या खर्चाला परतावा बहुतेक ठिकाणी मिळत नाही, मग तो खर्च सर्व नियमांत बसणारा असला तरीही.

तक्ता झाला की फोनच्या कॅलेंडरमध्ये स्मरणसूचना लावाव्यात, परंतु त्या शेवटच्या दिवसाच्या लावू नयेत. मुदतीच्या ९० दिवस आधी पहिली सूचना असावी, कारण सुट्ट्या मागणे, सोबत येणाऱ्यांना विचारणे आणि उपलब्ध खोल्या पाहणे यांना एवढा वेळ लागतोच. दुसरी सूचना ४५ दिवस आधीची असावी, आणि तोपर्यंत बुकिंग झालेले असावे. तिसरी १५ दिवस आधीची असावी. तिचा उपयोग फक्त परतावा जमा झाला की नाही हे पाहण्यापुरता. त्या दिवशी बुकिंगला बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

कोणता खर्च ‘प्रवास’ ठरतो

आपण प्रवासात केलेला खर्च आणि बँकेच्या लेखी ‘प्रवास’ ठरणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेला आपण काय विकत घेतले हे सहसा दिसत नाही. तिला दिसतो तो व्यापाऱ्याला दिलेला चार आकडी वर्ग-क्रमांक, ज्याला मर्चंट कॅटेगरी कोड म्हणतात. या क्रमांकांचे आयएसओ १८२४५ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. मोठ्या विमान कंपन्यांना ३००० पासून पुढचे स्वतंत्र क्रमांक असतात आणि इतर विमान कंपन्या ४५११ मध्ये मोडतात. मोठ्या हॉटेल साखळ्यांचे क्रमांक ३५०१ पासून सुरू होतात, तर बाकीची हॉटेले ७०११ मध्ये येतात. प्रवासी एजन्सी आणि सहल कंपन्यांचा क्रमांक ४७२२ आहे, रेल्वे प्रवासाचा ४११२ आणि उपाहारगृहांचा ५८१२.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, पण त्यांचा परिणाम ओळखता आला पाहिजे. विमानाचे तिकीट एजन्सीच्या संकेतस्थळावरून काढले, तर व्यवहार विमान कंपनीच्या नावे न पडता ४७२२ मध्ये पडू शकतो, आणि लाभ फक्त विमान कंपनीच्या खर्चावर असेल तर तो मिळत नाही. हॉटेलच्या इमारतीतील उपाहारगृहाने स्वतःचे वेगळे यंत्र लावलेले असेल, तर तिथले बिल हॉटेलचा खर्च ठरत नाही. तेच जेवण खोलीच्या खात्यावर टाकून निघताना एकत्र बिल भरले, तर ते हॉटेलच्या क्रमांकाखाली जाते. काही कार्डांवर तर वर्ग-क्रमांकाचा प्रश्नच येत नाही, कारण बँकेच्या स्वतःच्या प्रवास-पोर्टलवरून केलेले बुकिंगच ग्राह्य असते; कॅपिटल वनच्या व्हेंचर एक्स कार्डावरचे वार्षिक प्रवास-क्रेडिट याच प्रकारचे आहे. पोर्टलवरचा दर आणि हॉटेलचा स्वतःचा दर बुकिंगपूर्वी शेजारी ठेवून पाहावा, कारण दरातील फरक लाभाचा मोठा भाग गिळू शकतो.

विमान-शुल्काचा परतावा आणि विमान-तिकिटाचा परतावा यांतही गल्लत होते. पहिल्या प्रकारात सामान, आसन-निवड, विमानातील खाणेपिणे अशी शुल्के येतात आणि तिकीट येत नाही. तिकीट आणि आसन एकाच वेळी विकत घेतल्यास कधीकधी दोन्हींची एकच रक्कम नोंदली जाते आणि त्यातील आसनाचा भाग ओळखला जात नाही. म्हणून तिकीट आधी काढून आसन नंतर वेगळ्या व्यवहाराने घेणे सुरक्षित असते. मुदत संपत आली की भेटकार्डे विकत घेऊन रक्कम ‘अडकवून’ ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. नियमांत भेटकार्डे वगळलेली असतील, तर तसे करू नये. बँक दिलेला परतावा काढून घेऊ शकते आणि क्वचित खात्यावरही त्याचा परिणाम होतो.

शेवटचे तीन महिने

मुदत तीन महिन्यांवर आली आणि प्रवास ठरलेला नाही, अशी वेळ येतेच. अशा वेळी नवा प्रवास शोधण्याआधी पुढच्या वर्षीचा ठरलेला प्रवास पाहावा. घरातील लग्न, मुलांच्या सुट्ट्या, आईवडिलांना भेटायला जाणे, यांपैकी ज्याची तारीख नक्की आहे त्याचे तिकीट किंवा आगाऊ पैसे घेणारी खोली आत्ताच घेतली, तर प्रवास पुढे असूनही खर्च या वर्षात नोंदला जातो. मात्र हे तिकीट पुढे रद्द करून पैसे परत घेतले, तर मिळालेला परतावाही बँक परत घेऊ शकते. पैशांऐवजी विमान कंपनीकडे जमा रक्कम ठेवली, तर बऱ्याच कंपन्यांत तिची मुदत मूळ तिकीट काढल्याच्या तारखेपासून एक वर्ष धरतात. तिकीट बदलल्याच्या दिवसापासून नवे वर्ष मिळेल या भरवशावर राहू नये. तिकिटाचा १३ आकडी क्रमांक मी तक्त्यातच लिहून ठेवते, कारण पुढे ही रक्कम वापरताना बुकिंगच्या सहा अक्षरी संकेतापेक्षा हाच क्रमांक विचारला जातो.

मोफत रात्रीसाठी लांबच्या सहलीची वाट पाहत बसणे, हे प्रमाणपत्र बुडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. पहाटेच्या विमानाआधीची विमानतळाजवळची एक रात्र, गावाबाहेरून येणाऱ्या नातेवाइकांची सोय, कामासाठी दुसऱ्या शहरी गेल्यावर एक दिवस वाढवलेला मुक्काम, हे सारे प्रमाणपत्राचे चांगले उपयोग आहेत. प्रमाणपत्र हाती पडताच, रद्द करता येणारी एखादी तारीख बुक करून ठेवावी आणि पुढे अधिक चांगले ठिकाण मिळाल्यास ती बदलावी. फक्त एवढे जपावे, की मुदतीच्या अगदी तोंडावर बुकिंग रद्द केले, तर प्रमाणपत्र जुन्याच तारखेसह परत येते, म्हणजे जवळजवळ निरुपयोगी होऊन येते. हॉटेल साखळ्या खोलीची किंमत आपल्या पॉइंटांतही मोजतात आणि प्रमाणपत्र ठरावीक पॉइंटांपर्यंतच्या खोलीलाच चालते; मॅरियट आणि आयएचजी या साखळ्यांत या मर्यादेपेक्षा थोडी महाग खोली स्वतःचे पॉइंट घालून घेता येते, आणि गर्दीच्या तारखांना याचा चांगला उपयोग होतो. अगदीच जमत नसेल, तर मुदतवाढ मागून पाहावी. ती मागायची असेल तर मुदत संपण्यापूर्वी, कारण सांगून आणि लेखी मागावी. ती देण्याचे बंधन कोणावर नसते, म्हणून नियोजन तिच्या आधारावर करू नये.

लाउंजच्या भेटी मोजून मिळत असतील, तर त्या किती उरल्या हे ॲपमध्ये पाहावे आणि सोबतचा माणूस त्याच मोजणीत धरला जातो की त्याचे वेगळे पैसे पडतात, हे दारात उभे राहण्याआधी माहीत असावे. प्रायॉरिटी पाससारख्या सेवेत क्रेडिट कार्ड दाखवून भागत नाही. त्या सेवेचे वेगळे सदस्यत्व सुरू करून तिचे कार्ड किंवा ॲपमधील कोड बोर्डिंग पाससोबत दाखवावा लागतो, आणि ही नोंदणी विमानतळावर रांगेत उभे राहून करण्यासारखी नसते. काही कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच पुढच्या तिमाहीत भेटी मिळतात, तेव्हा ती अटही तक्त्यात असावी. प्रवासविम्याला वर्षअखेरची घाई नसते. परंतु तो बहुधा तिकीट त्याच कार्डाने घेतले असेल तरच लागू होतो, म्हणून कोणते तिकीट कोणत्या कार्डावर घ्यायचे हे ठरवताना त्याचाही विचार करावा.

सोडून देण्यासारखे लाभ

प्रत्येक लाभ वापरलाच पाहिजे, असे मात्र नाही. समजा, १०० च्या परताव्यासाठी ज्या हॉटेलात राहावे लागते तिथली खोली ४०० ला पडते आणि एरवी आपण २२० च्या खोलीत समाधानाने राहिलो असतो. परतावा धरूनही ३०० गेले, म्हणजे लाभ घेतल्यामुळे ८० जास्त खर्च झाले. ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाली. लाभाची किंमत त्यावर छापलेल्या आकड्यावरून ठरवू नये. तो लाभ नसता तर त्याच गोष्टीसाठी आपण आपल्या खिशातून किती दिले असते, तेवढीच त्याची खरी किंमत. जो लाभ सलग दोन वर्षे ओढूनताणून वापरावा लागला, त्याच्यासमोर तक्त्यात शून्य लिहावे आणि कार्डाचे वार्षिक शुल्क उरलेल्या लाभांतून वसूल होते का ते पाहावे.

रक्कम जमा झाली का

खर्च केला म्हणजे काम संपले असे नाही. परतावा कधी दोन दिवसांत जमा होतो, तर कधी त्याला एकदोन बिलांचा काळ लागतो. नियमावलीत दिलेला कालावधी उलटला की लगेच चौकशी करावी. फोनपेक्षा ॲपमधील संदेश किंवा ईमेल बरा, कारण उत्तर लेखी राहते. त्यात व्यवहाराची तारीख, नोंदीची तारीख, रक्कम, व्यापाऱ्याचे नाव आणि नियमातील नेमके वाक्य द्यावे, पावतीची प्रत जोडावी. माझा अनुभव असा, की ‘लाभ मिळाला नाही’ एवढेच लिहिलेल्या तक्रारीला साचेबद्ध उत्तर येते, आणि वरील पाचही गोष्टी दिलेल्या तक्रारीचा निकाल बहुधा पहिल्याच फेरीत लागतो.

कार्ड पुढे चालू ठेवायचे नसेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी उरलेले लाभ वापरावेत, परतावा प्रत्यक्ष जमा होऊ द्यावा, बँकेकडे साचलेले पॉइंट वापरून किंवा दुसऱ्या कार्यक्रमात वळवून घ्यावेत आणि मगच कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा; कार्ड बंद झाल्यावर येऊ घातलेला परतावा मिळत नाही, असे नियम अनेक ठिकाणी आहेत. वार्षिक शुल्क नुकतेच लागले असेल, तर काही बँका ठरावीक दिवसांत कार्ड बंद केल्यास ते परत करतात. त्यासाठी तक्त्यात शेवटी आणखी एक रकाना वाढवून शुल्क लागण्याची तारीख आणि तिच्याशेजारीच तो कालावधी लिहून ठेवावा.